टेस्टिंगसाठी ॲप्लिकेशन सर्व्हर सुरू करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नव्या प्रोजेक्टवर आलेला माणूस बहुधा एकाच ठिकाणी अडतो. कोड उतरवून घेतला, बिल्ड झाला, आणि सर्व्हर काही केल्या उभा राहत नाही. किंवा उभा राहतो, पण टेस्ट नेमकी कशाची चालली आहे हेच कळत नाही, आणि हे दुसरं जास्त वाईट. नव्या सहकाऱ्यांशेजारी बसून ज्या प्रश्नांची उत्तरं मी वर्षानुवर्षं देत आले, ती इथे एका जागी लिहिली आहेत. भर जावाच्या सर्व्हरांवर आहे, कारण माझं काम त्यातलं. आज्ञा आणि फायलींची नावं इथे देवनागरीत आहेत. टर्मिनलमध्ये अर्थातच ती रोमन अक्षरांत टाइप करायची.

ॲप्लिकेशन सर्व्हर आणि वेब सर्व्हर यांत फरक काय?

एनजिनएक्ससारखा वेब सर्व्हर मुख्यतः तयार फायली देतो आणि आलेली रिक्वेस्ट पुढे पाठवतो. ॲप्लिकेशन सर्व्हर तुमचा कोड स्वतःच्या पोटात घेऊन चालवतो. त्याला थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) पुरवतो, डेटाबेसची कनेक्शनं राखून ठेवतो, सेशन सांभाळतो.

काटेकोर बोलायचं तर टॉमकॅट आणि जेटी हे सर्व्हलेट कंटेनर आहेत, म्हणजे वेब रिक्वेस्टला उत्तर देणारे जावाचे क्लास (सर्व्हलेट) चालवणारे. वाइल्डफ्लाय, ग्लासफिश, ओपन लिबर्टी हे जकार्ता ईईचा (मोठ्या ॲप्लिकेशनांसाठीच्या जावाच्या मानकांचा, पूर्वीचं जावा ईई) पूर्ण पसारा घेऊन येणारे सर्व्हर. रोजच्या बोलण्यात सगळ्यांनाच ॲप सर्व्हर म्हणतात आणि त्याने काही बिघडत नाही. फक्त तुमच्या कोडमध्ये त्या पसाऱ्यातलं ईजेबी किंवा जेएमएस असेल तर नुसत्या टॉमकॅटवर तो चालणार नाही, एवढं ध्यानात असू द्या.

आमचा प्रोजेक्ट स्प्रिंग बूटचा आहे. मग वेगळा सर्व्हर लागतो का?

बहुतेक वेळा नाही. स्प्रिंग बूट या जावाच्या फ्रेमवर्कमध्ये टॉमकॅट आतच बसवलेला येतो. जार (जावाचा कोड एकत्र बांधलेली फाइल) चालवली की सर्व्हर सुरू. पण प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे खरे ग्राहक वापरतात तिथे, वॉर फाइल (वेब ॲप्लिकेशनचं गाठोडं) बनवून ती बाहेरच्या टॉमकॅटवर टाकत असाल, तर निदान शेवटची टेस्ट तरी तशाच बाहेरच्या टॉमकॅटवर घ्या. आतल्या आणि बाहेरच्या टॉमकॅटमध्ये क्लासलोडर (क्लास शोधून मेमरीत आणणारा भाग) वेगळे, कॉन्टेक्स्ट पाथ (ॲप्लिकेशनचा पत्ता) वेगळा, कधी कधी आवृत्तीही वेगळी.

आणखी एक गोष्ट नवीन लोकांना उशिरा कळते. 'स्प्रिंग बूट टेस्ट' हे ॲनोटेशन काही न सांगता वापरलं तर खरा सर्व्हर सुरूच होत नाही, नकली वेब वातावरणात टेस्ट चालते. खरा सर्व्हर हवा असेल तर 'रँडम पोर्ट' किंवा 'डिफाइंड पोर्ट' असं स्पष्ट सांगावं लागतं. नकली वातावरण वाईट नाही, वेगवान असतं. पण एरर पेज, खऱ्या एचटीटीपीवरून जाणारी हेडर्स यांचे घोळ त्यात पकडले जात नाहीत.

टेस्टसाठी कोणता सर्व्हर आणि कोणती आवृत्ती घ्यावी?

प्रॉडक्शनमध्ये जो आहे तोच, आणि निदान मुख्य आवृत्ती तरी तीच. 'टेस्टच तर करायची आहे, नवा उतरवून घेऊ' असं म्हणून टॉमकॅट १० घेतलेल्यांचे दिवसच्या दिवस वाया गेलेले मी पाहिले आहेत. त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे.

जावा ईई २०१७ मध्ये एक्लिप्स फाउंडेशनकडे देण्याचं ठरलं आणि पुढे त्याचं नाव जकार्ता ईई झालं. जकार्ता ईई ९ मध्ये, म्हणजे २०२० साली, पॅकेजची नावंच बदलली: 'जावाएक्स डॉट सर्व्हलेट'चं 'जकार्ता डॉट सर्व्हलेट' झालं. टॉमकॅट ९ जुनी नावं ओळखतो, टॉमकॅट १० आणि पुढचे फक्त नवी. स्प्रिंग बूट २ जुन्या नावांवर आहे, स्प्रिंग बूट ३ नव्या.

आता स्प्रिंग बूट २ ची वॉर टॉमकॅट १० मध्ये टाका. सर्व्हर सुरू होईल. लॉगमध्ये वॉर डिप्लॉय झाल्याचं, म्हणजे सर्व्हरने ती चालवायला घेतल्याचं, दिसेल. एकही एरर दिसणार नाही. आणि प्रत्येक यूआरएलवर ४०४ ('सापडलं नाही') येईल. टॉमकॅट ज्या नावाने ॲप्लिकेशनची सुरुवात शोधतोय, ते नाव तुमच्या वॉरमध्ये नाहीच. त्याच्या दृष्टीने ती फायलींची एक साधी पिशवी आहे. तक्रार कशाची करणार? जुनी वॉर नव्या टॉमकॅटवर चालवणं भागच असेल तर ती 'वेबॲप्स-जावाईई' नावाच्या फोल्डरमध्ये टाका, टॉमकॅट १० ती स्वतःहून नव्या नावांत बदलून घेतो. मात्र हा तात्पुरता मार्ग समजा.

सुरू करण्याआधी काय तपासायचं?

जावाची आवृत्ती. टर्मिनलमध्ये 'जावा -व्हर्जन' मारा, आणि 'जावा होम' (जावा कुठे आहे ते सांगणारं सेटिंग) कुठे बोट दाखवतंय तेही बघा. ही दोन वेगळी निघाली की गोंधळ ठरलेला, कारण सर्व्हरच्या स्क्रिप्ट बहुधा 'जावा होम'वर चालतात आणि तुम्ही तपासलेली जावा दुसरीच असते.

टॉमकॅट ९ ला जावा ८ पुरतो, १०.१ ला ११ लागतो, ११ ला १७. उलट बाजूने, तुमचा कोड नव्या जावावर कंपाइल झाला आणि सर्व्हर जुन्यावर चालतोय, तर 'अनसपोर्टेड क्लास व्हर्जन' अशी एरर येते आणि त्यात एक आकडा असतो. ५२ म्हणजे जावा ८, ५५ म्हणजे ११, ६१ म्हणजे १७, ६५ म्हणजे २१. आकड्यातून ४४ वजा करायचे, एवढं सोपं आहे.

टॉमकॅट पहिल्यांदा कसा सुरू करू?

झिप उतरवून मोकळ्या जागी उलगडा. वॉर फाइल 'वेबॲप्स' फोल्डरमध्ये ठेवा. मग 'बिन' फोल्डरमध्ये जाऊन 'कॅटालिना डॉट एसएच रन' मारा, विंडोजवर 'कॅटालिना डॉट बॅट रन'. ब्राउझरमध्ये लोकलहोस्टचा ८०८० उघडा.

बरेच जण त्याऐवजी 'स्टार्टअप डॉट एसएच' चालवायला सांगतात. टेस्टिंगला मी ते सुचवत नाही. ही स्क्रिप्ट सर्व्हरला पार्श्वभूमीत सोडून देते आणि 'टॉमकॅट स्टार्टेड' असं छापून मोकळी होते. ते वाक्य फक्त प्रोसेस सोडल्याचं आहे. पुढच्या सेकंदाला ती प्रोसेस मेली तरी ते तसंच स्क्रीनवर राहतं. 'रन' वापरलात तर लॉग डोळ्यांसमोर वाहतो, आणि कंट्रोल-सी मारलं की सर्व्हर नीट बंद होतो. अनाथ प्रोसेस मागे उरत नाही.

वाइल्डफ्लाय आणि ग्लासफिशचं काय?

वाइल्डफ्लायसाठी 'स्टँडअलोन डॉट एसएच'. ॲप्लिकेशन ८०८० वर, व्यवस्थापनाचा कन्सोल ९९९० वर; कन्सोलचा युजर आधी 'ॲड-युजर' स्क्रिप्टने बनवावा लागतो. वॉर 'डिप्लॉयमेंट्स' फोल्डरमध्ये टाकली की शेजारी एक खुणेची फाइल उमटते: नीट बसली तर 'डॉट डिप्लॉइड', नाही बसली तर 'डॉट फेल्ड'. ही दुसरी फाइल उघडून वाचा, न बसण्याचं कारण तिच्यात लिहिलेलं असतं. ग्लासफिशला 'एएसॲडमिन स्टार्ट-डोमेन', कन्सोल ४८४८ वर.

सर्व्हर 'सुरू झाला' असं नेमकं कधी म्हणायचं?

या पानावरचा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. सुरू होण्याच्या चार पायऱ्या असतात आणि आपण त्या सर्रास एक समजतो. प्रोसेस जिवंत आहे. पोर्ट उघडला आहे. ॲप्लिकेशन डिप्लॉय झालं आहे. आणि ॲप्लिकेशन खरोखर उत्तर देण्याच्या स्थितीत आहे, म्हणजे डेटाबेस जोडला, मायग्रेशन (टेबलांच्या रचनेतले बदल) आटोपलं.

टॉमकॅटच्या लॉगमध्ये शेवटी 'सर्व्हर स्टार्टअप इन' आणि पुढे मिलिसेकंदांचा आकडा येतो. ती ओळ दिसली की लोक टेस्ट सुरू करतात. पण ॲप्लिकेशन कोसळलं असलं तरी ती ओळ येते. 'कॉन्टेक्स्ट स्टार्टअप फेल्ड' ही ओळ चार इंच वर बसलेली असते, आणि खाली सर्व्हर निर्मळ मनाने सांगतो की मी सुरू झालो. तो खोटं बोलत नाही. तो स्वतःबद्दल सांगतोय, तुमच्या वॉरबद्दल नाही. वाइल्डफ्लाय या बाबतीत जास्त स्पष्ट आहे, तो 'स्टार्टेड विथ एरर्स' असं शेवटच्या ओळीतच म्हणतो.

म्हणून टेस्ट सुरू करण्याची खूण लॉगमधली ओळ धरू नका. ॲप्लिकेशनमध्येच एक तब्येत सांगणारी यूआरएल ठेवा. स्प्रिंग बूटमध्ये ॲक्चुएटर या जोडभागाची 'हेल्थ' आयती मिळते. तिच्याकडून २०० ('सगळं ठीक') आलं की मगच टेस्ट.

'ॲड्रेस ऑलरेडी इन यूज' असं येतंय. काय करू?

त्या पोर्टवर दुसरं कोणीतरी बसलंय. कोण, ते आधी बघा: लिनक्सवर 'एसएस' किंवा 'एलएसओएफ', विंडोजवर 'नेटस्टॅट -एएनओ'. प्रोसेसचा क्रमांक मिळाला की ती कशाची आहे ते पाहून मग बंद करा. न पाहता मारू नका; ८०८० हा इतका लाडका पोर्ट आहे की तिथे तुमच्याच यंत्रावरचं दुसरं कामाचं काहीतरी असू शकतं. मॅकवर ५००० अडलेला दिसला तर आश्चर्य नको, २०२१ च्या मॉन्टेरेपासून एअरप्ले रिसीव्हर तिथे बसतो.

एरर दिसली तर उलट बरं. न दिसता हेच घडतं तेव्हा काय होतं, ते मी अनुभवलं आहे. एका प्रोजेक्टवर बिलाच्या हिशेबातली एक चूक दुरुस्त करत होते. दुरुस्ती केली, बिल्ड केला, सर्व्हर सुरू केला, 'टॉमकॅट स्टार्टेड' दिसलं, टेस्ट चालवली. नापास. कोड बदलला, पुन्हा तेच. पुन्हा नापास, आणि दर वेळी तोच चुकीचा आकडा, पैशापर्यंत तोच. दोन दिवस मी माझ्याच बरोबर असलेल्या कोडवर शंका घेत राहिले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक सहकारी मागे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "जरा प्रोसेस किती वाजता सुरू झालीये बघ ना." बघितलं. आदल्या दिवशी सकाळी सव्वादहा. बंद केलेल्या टर्मिनलच्या मागे एक जुना टॉमकॅट जिवंत होता, माझा प्रत्येक नवा टॉमकॅट पोर्ट न मिळाल्यामुळे दोन-तीन सेकंदांत निमूट मरत होता, आणि टेस्ट प्रत्येक वेळी त्या जुन्याशी बोलत होती.

नापास होत होती म्हणून शोध तरी लागला. टेस्ट पास होत राहिली असती तर मी न तपासलेला कोड पुढे पाठवला असता, ही गोष्ट मला अजून अस्वस्थ करते.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक प्रोजेक्टमध्ये एक छोटी यूआरएल असते. ती दोनच गोष्टी सांगते: हा बिल्ड कोणत्या गिट कमिटचा आणि सर्व्हर किती वाजता सुरू झाला. सगळ्या टेस्टच्या आधी पहिली टेस्ट हीच, की समोरचा कमिट आणि माझ्या हातातला कमिट एकच आहे का. नसेल तर पुढची एकही टेस्ट चालत नाही. दहा मिनिटांचं काम आहे. कृपया करा.

एकाच यंत्रावर दोन सर्व्हर चालवता येतात का?

येतात, पण पोर्ट मोजून बदला. टॉमकॅटमध्ये 'सर्व्हर डॉट एक्सएमएल' फाइलीत ८०८० बदलणं सगळ्यांना माहीत असतं, ८००५ विसरला जातो. तो बंद करण्याच्या आज्ञेचा पोर्ट आहे, आणि तो मोकळा मिळाला नाही तर दुसरा टॉमकॅट उभा राहून लगेच खाली बसतो. टॉमकॅटची प्रत पुन्हा पुन्हा उलगडायचीही गरज नाही. 'कॅटालिना होम' एकच ठेवून प्रत्येक सर्व्हरला वेगळा 'कॅटालिना बेस' द्या, म्हणजे प्रोग्राम सामाईक आणि सेटिंग, लॉग, वॉर आपापल्या. वाइल्डफ्लायमध्ये तर पोर्ट ऑफसेट १०० दिला की ८०८० चा ८१८० आणि ९९९० चा १००९० असे सगळे एकदम सरकतात.

टेस्ट आपोआप चालणार असतील तर याहून चांगला मार्ग म्हणजे पोर्ट ० मागणे. मग ऑपरेटिंग सिस्टिम स्वतः एखादा मोकळा पोर्ट देते, टेस्टने तो विचारून घ्यायचा. भांडणच उरत नाही.

सर्व्हर चालू आहे, लॉग स्वच्छ आहे, तरी ४०४ येतो.

निम्म्या वेळा पत्ता चुकलेला असतो. 'दुकान डॉट वॉर' नावाची फाइल टाकली तर ॲप्लिकेशन '/दुकान' या पत्त्याखाली राहतं, मुळाशी नाही. मुळाशी हवं असेल तर फाइलीचं नाव 'रूट' ठेवावं लागतं, तेही कॅपिटल अक्षरांत. उरलेल्या वेळा वर सांगितलेली टॉमकॅट १० ची भानगड.

लॉगमध्ये शेकडो ओळींची एरर आली आहे. वाचू कुठून?

सगळ्यात खालून नाही, आणि सगळ्यात लाल दिसणाऱ्या ओळीपासूनही नाही. दोन दिशांनी वाचायचं असतं. आधी वेळेनुसार पहिली एरर शोधा, म्हणजे सर्व्हर सुरू झाल्यानंतरची पहिली 'एरर' किंवा 'सीव्हियर'. पुढच्या बहुतेक एरर तिचीच पिल्लं असतात. मग त्या एका एररच्या आत शिरून शेवटचं 'कॉज्ड बाय' शोधा.

समजा वरती लिहिलंय की 'ऑर्डर कंट्रोलर' हे बीन (स्प्रिंगने बनवून ठेवायचा ऑब्जेक्ट) तयार करता आलं नाही. त्याखाली 'ऑर्डर सर्व्हिस' तयार झालं नाही. त्याखाली रिपॉझिटरी नाही, त्याखाली एंटिटी मॅनेजर नाही. नवीन माणूस इथे 'ऑर्डर कंट्रोलर' उघडून त्यात चूक शोधायला लागतो. खाली उतरत राहा. तळाला छोटीशी ओळ असते: 'कनेक्शन रिफ्यूज्ड'. म्हणजे डेटाबेसच चालू नाही. कंट्रोलरचा काही दोष नव्हता.

एरर कोणाला पाठवून मदत मागताना वरच्या दहा ओळींचा स्क्रीनशॉट पाठवू नका. पूर्ण मजकूर पाठवा, मदत करणाऱ्याला तळ दिसला पाहिजे.

सुरू व्हायला फार वेळ लागतो. काय करावं?

अंदाज बांधत बसण्यापेक्षा सर्व्हरलाच विचारा. तो अडकलेला असताना 'जेस्टॅक'ने थ्रेड डम्प घ्या. लिनक्स आणि मॅकवर 'किल -३' दिलं तरी चालतं. नाव भयंकर असलं तरी जावाची प्रोसेस त्याने मरत नाही, फक्त प्रत्येक थ्रेड कुठे आहे ते छापते. पाच-पाच सेकंदांनी तीन डम्प घ्या आणि 'मेन' थ्रेड बघा. तिन्हीमध्ये तो एकाच ओळीवर असेल तर गुन्हेगार सापडला.

नेहमीचे गुन्हेगार तसे ओळखीचे आहेत. टॉमकॅट प्रत्येक जारमध्ये टॅग लायब्ररी शोधत बसतो. लॉगमध्ये तो स्वतःच कुरकुरतो की अमुक जार चाळल्या आणि त्यांत काही मिळालं नाही. त्या जार वगळायची यादी देता येते. जुन्या लिनक्स कर्नेलवर, विशेषतः नुकत्याच सुरू झालेल्या व्हर्च्युअल मशीनवर, सेशनसाठी लागणारे यादृच्छिक आकडे गोळा होईपर्यंत सर्व्हर खोळंबायचा. २०२० च्या ५.६ कर्नेलपासून ते दुखणं गेलं. यंत्राचं स्वतःचं नाव डीएनएसमध्ये न सापडल्यामुळे काही सेकंद जाणं हेही नेहमीचं. आणि अँटिव्हायरस प्रत्येक जार उघडून बघत असेल तर बाकी कशाने फरक पडणार नाही.

'आउट ऑफ मेमरी' आलं की हीप वाढवायची ना?

आधी पुढचे शब्द वाचा. 'जावा हीप स्पेस' असेल तर हीपचा, म्हणजे ऑब्जेक्ट ठेवायच्या मेमरीचा, प्रश्न आहे. 'मेटास्पेस' असेल तर हीप कितीही वाढवा, उपयोग नाही. तिथे क्लास साठतात, आणि सर्व्हर बंद न करता पुन्हा पुन्हा डिप्लॉय केल्यावर जुने क्लास सुटत नाहीत म्हणून ती भरते. जुन्या लेखांत 'पर्मजेन' वाढवायला सांगितलेलं दिसलं तर सोडून द्या, जावा ८ पासून ते नाहीच.

काही न सांगता जावा यंत्राच्या मेमरीचा साधारण चौथा भाग हीपची कमाल मर्यादा धरते. टेस्टच्या सर्व्हरला मी मर्यादा मुद्दाम स्पष्ट देते, आणि ती प्रॉडक्शनच्या जवळची देते. स्वतःच्या यंत्रावर भरपूर मेमरी देऊन पास झालेली टेस्ट फारसं काही सिद्ध करत नाही.

कोड बदलला, पण बदल दिसत नाही.

आधी वरची गोष्ट आठवा: समोरचा सर्व्हर तुमचाच आहे ना? असेल, तर टॉमकॅट थांबवून 'वर्क' फोल्डर रिकामा करा, तिथे कंपाइल झालेली जुनी जेएसपी (सर्व्हरवर तयार होणारी पानं) असते. 'वेबॲप्स'मधला वॉरच्या नावाचा उलगडलेला फोल्डरही काढा. सर्व्हर बंद असताना वॉर बदलली गेली तर नवी वॉर शेजारी असून जुना फोल्डरच चालत राहिल्याचं मी पाहिलेलं आहे.

माझ्या यंत्रावर चालतं, सीआयवर पडतं.

सीआय म्हणजे कोड पाठवला की बिल्ड आणि टेस्ट आपोआप चालवणारी व्यवस्था. तिथे तीन कारणांनी माझा बराचसा वेळ खाल्ला आहे.

पहिलं, 'स्लीप ३०'. सर्व्हर सुरू करून तीस सेकंद थांबायचं आणि टेस्ट चालवायची, अशी स्क्रिप्ट कोणीतरी लिहिलेली असते. सीआयचं यंत्र एखाद्या दिवशी हळू चालतं आणि पस्तीस सेकंद लागतात. मग कोणीतरी साठ करतं. ठरावीक वेळ थांबू नका. हेल्थची यूआरएल दर सेकंदाला विचारा, उत्तर आलं की पुढे जा, आणि दोन मिनिटांत आलंच नाही तर लॉग छापून नापास व्हा. लॉग छापणं विसरू नका, नाहीतर सीआयवर हाती काहीच उरत नाही.

दुसरं, घड्याळ. सीआय बहुधा यूटीसीवर चालतं. तुमची वेळ यूटीसीच्या पुढे असेल, तर तुमच्या मध्यरात्रीनंतरचे काही तास सर्व्हरच्या लेखी अजून कालचाच दिवस असतो. 'आजची ऑर्डर' शोधणारी टेस्ट मग ठरावीक तासांतच पडते आणि दिवसा कोणाला दिसत नाही. टेस्टमध्ये टाइमझोन स्पष्ट द्या.

तिसरं आपल्या जिव्हाळ्याचं: देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं. जावा १८ पूर्वी डिफॉल्ट एन्कोडिंग ऑपरेटिंग सिस्टिमवरून ठरायचं, आणि रोडक्या डॉकर कंटेनरमध्ये (ॲप्लिकेशन चालवायच्या वेगळ्या डब्यात) लोकेल, म्हणजे भाषेचं सेटिंगच, दिलेलं नसतं. १८ पासून, म्हणजे २०२२ पासून, ते सगळीकडे यूटीएफ-८ आहे. त्याहून जुना जावा असेल तर सुरू करतानाच 'फाइल एन्कोडिंग' यूटीएफ-८ द्या. टेस्टच्या डेटात 'अबक' आणि 'टेस्ट१२३' भरण्याऐवजी जोडाक्षरांची खरी मराठी नावं भरा, शेजारी एखादा इमोजीही. देवनागरी अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं, इमोजी चार. मायएसक्यूएलच्या जुन्या 'यूटीएफ८' कॉलममध्ये मराठी बसतं आणि इमोजीवर गाडी अडते.

टेस्टसाठी डेटाबेस कोणता जोडू?

एचटूसारखा मेमरीतला डेटाबेस सोयीचा आहे, क्षणात सुरू होतो आणि मागे काही ठेवत नाही. पण प्रॉडक्शनमध्ये पोस्टग्रेस असेल तर एचटूवर पास झालेली क्वेरी पोस्टग्रेसवर पडू शकते, त्याचा 'पोस्टग्रेससारखा वाग' हा मोड वापरला तरीही. लॉकिंग आणि इंडेक्सचं वागणं तर वेगळंच. टेस्टकंटेनर्स ही लायब्ररी वापरून खरा पोस्टग्रेस टेस्टपुरता सुरू करा आणि नंतर टाकून द्या. थोडे सेकंद जास्त लागतील, ते लागू देत.

सगळ्या टीमने मिळून एकच टेस्ट डेटाबेस वापरणं मात्र टाळा. दुसऱ्याच्या टेस्टने उडवलेली टेबलातली ओळ शोधण्यात गेलेला वेळ कोणीच परत देत नाही.

कंटेनरमध्ये सर्व्हर चालतोय, पण ब्राउझरमधून लागत नाही.

दोन गोष्टी बघा. पोर्ट बाहेर काढलाय का. आणि ॲप्लिकेशन आतमध्ये १२७.०.०.१ वर तर बसलेलं नाही ना? कंटेनरचा लोकलहोस्ट म्हणजे कंटेनर स्वतः, तुमचं यंत्र नव्हे. आत ०.०.०.० वर बसवा.

डॉकर कंपोजमधल्या (अनेक कंटेनर एकत्र सुरू करणाऱ्या साधनातल्या) 'डिपेंड्स ऑन'वरही आंधळा विश्वास नको. साधं लिहिलं तर तो डेटाबेसचा कंटेनर सुरू होईपर्यंतच थांबतो, डेटाबेस तयार होईपर्यंत नाही. 'सर्व्हिस हेल्दी' ही अट घाला. आणि कंटेनर १३७ क्रमांकाने बंद पडला तर सहसा मेमरीची मर्यादा ओलांडल्यामुळे कर्नेलने त्याला मारलेलं असतं. अशा वेळी जावाच्या लॉगमध्ये काहीही सापडत नाही, कारण जावाला लिहायला वेळच मिळालेला नसतो.

डीबगर कसा जोडायचा?

टॉमकॅटला 'कॅटालिना डॉट एसएच जेपीडीए रन', पोर्ट ८०००. वाइल्डफ्लायला '--डीबग', पोर्ट ८७८७. एवढंच. फक्त ब्रेकपॉइंटवर थांबून चहा प्यायला गेलात तर टाइमआउटमुळे टेस्ट पडेल, तिला खरी नापास समजू नका.

टेस्टचाच सर्व्हर आहे, सुरक्षा कशाला?

कारण तो त्याच नेटवर्कवर असतो. उघडा डीबग पोर्ट म्हणजे कोणालाही तुमच्या सर्व्हरमध्ये हवा तो कोड चालवायची मुभा. टॉमकॅटचा ८००९ वरचा एजेपी कनेक्टर (पुढच्या वेब सर्व्हरशी बोलायचा मार्ग) वर्षानुवर्षं न मागता चालू असायचा. २०२० मध्ये 'घोस्टकॅट' नावाची त्रुटी उघड झाली, तिच्यातून बाहेरच्याला ॲप्लिकेशनमधल्या फायली वाचता येत होत्या, आणि त्यानंतर तो मुळातच बंद ठेवायला लागले. जुना टॉमकॅट टेस्टसाठी ठेवला असेल तर तो कनेक्टर हाताने बंद करा.

त्याहून कळकळीने सांगते: प्रॉडक्शनचा डेटा जसाच्या तसा टेस्टवर आणू नका. ती खऱ्या माणसांची नावं आणि नंबर आहेत. आणि मेल पाठवणारा सर्व्हर टेस्टच्या सेटिंगमध्ये नकलीच ठेवा. 'तुमची ऑर्डर रद्द झाली' असा मेल खऱ्या ग्राहकाला एकदा गेला की परत बोलावता येत नाही.

पायथन किंवा नोड असेल तर?

नावं बदलतात, प्रश्न तेच राहतात. जँगोचा 'रनसर्व्हर' ८००० वर आणि फ्लास्कचा ५००० वर सुरू होतो, पण दोन्ही फक्त डेव्हलपमेंटसाठी आहेत. शेवटची टेस्ट गुनिकॉर्नसारख्या खऱ्या सर्व्हरवर घ्या, कारण अनेक वर्कर असताना मेमरीत ठेवलेलं काहीही एकमेकांना दिसत नाही.

सर्व्हर बंद कसा करायचा? 'किल -९' चालेल का?

आधी साधं 'किल' द्या. त्याने सर्व्हरला आवरायला वेळ मिळतो: चालू रिक्वेस्ट संपवणं, कनेक्शनं सोडणं, तात्पुरत्या फायली काढणं. स्प्रिंग बूट २.३ पासून 'ग्रेसफुल शटडाउन'ची सोयही आहे. 'किल -९' म्हणजे बोलता बोलता तोंड दाबणं.

त्याचा एक परिणाम हमखास भेटतो. लिक्विबेस हा मायग्रेशनचा प्रोग्राम ते चालवताना डेटाबेसमध्ये एका टेबलात कुलूप लावतो. त्याच क्षणी 'किल -९' बसलं तर कुलूप तसंच राहतं, आणि पुढच्या वेळी सर्व्हर सुरू होताना 'वेटिंग फॉर चेंजलॉग लॉक' असं छापत उभा राहतो. कोड बदलून, जावा बदलून, यंत्र रीस्टार्ट करून काही होत नाही, कारण अडचण यंत्रात नसून टेबलातल्या एका ओळीत आहे. लिक्विबेसची 'रिलीज लॉक्स' ही आज्ञा चालवा. त्याआधी दुसरा कोणता सर्व्हर त्या डेटाबेसवर खरोखरच मायग्रेशन करत नाहीये ना, ते बघून घ्या.